गुरुवारी आलेलं पत्र

काकांचा मेल आला की पाठोपाठ फोन यायचा. मी त्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचे आणि ते खाली, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत बसायचे. मध्ये तेरा पायऱ्या. मेल एवढाच असायचा की उद्या कचरा उचलायला येणार आहेत, रीसायकलिंगच्या पिशव्या आज संध्याकाळीच बाहेर ठेव. तो दिसायच्या आत मोबाईल वाजायचा.

"पाठवलाय. पोचला का?"

"पोचला, काका."

"उघडलास?"

"उघडते. मीटिंगमध्ये आहे."

"मग मीटिंग झाली की उघड, वाच आणि सांग."

पहिले काही दिवस मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, कॉम्प्युटरवर भरवसा नसेल. मग एकदा काकूंनीच सांगितलं की ह्या माणसानं उभा जन्म कॉम्प्युटरच्या खोलीत काढलाय. मला खरं वाटेना. मी पुण्याहून वर्क व्हिसावर कार्डिफला आलेली, क्लाउड सांभाळणाऱ्या एका कंपनीत कामाला. आणि हे गृहस्थ मला खालच्या मजल्यावरून मेल पाठवून फोनवर पोच मागत होते.

काका मूळचे वर्ध्याकडचे. सत्तरच्या दशकात इंग्लंडला आले, उत्तरेकडच्या एका विद्यापीठाच्या संगणक केंद्रात तंत्रज्ञ म्हणून चिकटले आणि तिथूनच निवृत्त झाले. काकू सुईण. त्यांना कार्डिफच्या हॉस्पिटलात वरची जागा मिळाली म्हणून दोघं इकडे आले. घर साधं, रांगेतलं. पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, तिच्याशेजारी बाबासाहेबांचा फोटो, आणि खिडकीत काकूंच्या मिरच्यांच्या कुंड्या.

खोली बघायला गेले त्या दिवशी काकांनी भाड्याबद्दल काही विचारलं नाही. एक कागद पुढे सरकवला. "घरचा पत्ता लिही. कधी काही झालं तर कळवायला लागतो."

मी लिहिला. आधी बाबांचं नाव, मग सोसायटी, रस्ता, पुणे, पिन कोड. काकांनी तो खालून वर वाचला आणि आपल्या वहीत उलटा उतरवला. भारत, मग महाराष्ट्र, मग पुणे, असं करत सगळ्यात शेवटी माझे बाबा.

"पत्र आधी देशात जातं," ते म्हणाले. "मग गावात, मग गल्लीत. माणूस सगळ्यात शेवटी भेटतो. त्याचं नाव आधी कशाला लिहायचं?"

ही त्यांची जुनी खोड होती आणि तिला कारण होतं. ऐंशीच्या दशकात इथल्या विद्यापीठांनी आपापले कॉम्प्युटर एकमेकांना जोडले तेव्हा ईमेलचे पत्ते इंग्लंडात असेच लिहायचे. आधी देश, मग विद्यापीठ, मग विभाग. अमेरिकेत नेमकं उलटं. दोन्ही बाजूंची पत्रं जिथून आरपार जायची तिथं पत्ता उलटा करून घ्यावा लागायचा, आणि त्यात घोटाळे व्हायचे. संगणक विभागासाठी वापरायची ती दोन अक्षरं आणि चेकोस्लोव्हाकिया देशाची दोन अक्षरं एकच होती. त्यामुळे शेजारच्या इमारतीतल्या प्राध्यापकाला लिहिलेलं पत्र भलत्याच देशाच्या वाटेला लागायचं. हे सांगताना काका इतके हसायचे की चष्मा काढून डोळे पुसायला लागायचे. पुढे सगळ्या जगानं अमेरिकेची रीत घेतली. काकांनी कामावर पत्ते मुकाट्यानं फिरवले, पण घरच्या पाकिटांवर त्यांनी ती रीत कधी येऊ दिली नाही. आमच्या गल्लीतली पोस्टवाली बाई त्यांची पाकिटं लांबून ओळखायची. नागपूरला पाठवलेलं एक कार्ड मात्र पोस्टाच्या यंत्रानं चाळलं आणि ते कार्डिफहून कार्डिफलाच परत आलं. काकांनी ते नव्या पाकिटात घातलं, पुन्हा तसाच पत्ता लिहिला आणि पुन्हा टाकलं. दोन महिन्यांनी नागपूरहून कार्ड मिळाल्याचा फोन आला. काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच पैज हरले होते.

संगणक केंद्रात काकांचं काम काय, तर पोस्टमास्तर. हे मी लाडानं ठेवलेलं नाव नाही. त्या कामाला खरंच हेच म्हणायचे. पत्ता चुकला, नाव अर्धवट राहिलं, मधलं एखादं यंत्र बंद पडलं, की ते पत्र कुठं जावं हे कॉम्प्युटरला कळायचं नाही. मग ते पोस्टमास्तरच्या पेटीत येऊन पडायचं, आणि एका जित्याजागत्या माणसाला बसून ठरवावं लागायचं की हे कुणाचं. सकाळी चहाचा मग घ्यायचा, भर उन्हाळ्यातसुद्धा स्वेटर घालायचा, कारण ती खोली यंत्रांसाठी थंड ठेवलेली असायची, आणि एकेक पत्र बघायचं. हा रसायनशास्त्रातला स्मिथ की गणितातला? फोन करायचा, विचारायचं, पत्ता दुरुस्त करायचा, पत्र पुढे लावून द्यायचं.

अडचण अशी होती की त्या काळी पाकीट आणि पत्र वेगळं नव्हतं. स्क्रीनवर वर पत्ता, तारीख, विषय, आणि त्याखाली लगेच मजकूर. कुणाचंही पत्र पोस्टमास्तरसमोर उघडं. काकांना ते पटायचं नाही. त्यांनी कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि स्क्रीनच्या खालच्या भागावर चिकटपट्टीनं लावून टाकला. वरच्या ओळी तेवढ्या दिसायच्या. बरोबरचे लोक चेष्टा करायचे. साहेबानं विचारलं तेव्हा काकांनी सांगितलं, "पाकीट बघायचं, पत्र नाही." तो पुठ्ठा तिथं कित्येक वर्षं होता. जुना झाला की काका नवीन खोकं आणायचे.

मी एकदा म्हटलं, "काका, कोण बघणार होतं? वाचलं असतं तर कामही लवकर झालं असतं."

ते म्हणाले, "हो. लवकर झालं असतं." आणि उठून बागेत गेले. मला वाटलं, मी काहीतरी लागट बोलले.

एप्रिलमधल्या जयंतीच्या कार्यक्रमात आयोजकांनी त्यांना बोलायला लावलं. कम्युनिटी हॉल भरलेला, मागच्या टेबलांवर जेवणाची भांडी. सूत्रसंचालकानं मोठ्या उत्साहानं ओळख करून दिली, "इंटरनेटच्या जनकांपैकी एक, आपल्या समाजाचे भूषण..."

काका माईकपाशी गेले. "जय भीम. मी जनक नाही. जनक झाले ते वेगळे, तिकडे अमेरिकेत आणि इकडे इंग्लंडातही. मी पत्रं पोचवायचो."

त्यांनी समोरून सात मुलं बोलावली. एका कागदावर काहीतरी लिहिलं, त्याचे सात तुकडे केले, प्रत्येकाच्या मागे आकडा टाकला आणि मुलांना सांगितलं, ज्या रांगेतून वाट मिळेल तिथून मागच्या भिंतीपर्यंत जा. सगळं पत्र एकाच वाटेनं पाठवायचं नाही, तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालायचा, आणि ज्याला जिथून जाता येईल तिथून जाऊ द्यायचं. एक वाट बंद पडली तर दुसरी. इंटरनेटची सुरुवात एवढ्या एका गोष्टीतून झाली, असं त्यांनी सांगितलं. मुलं खुर्च्यांमधून पळाली. भिंतीपाशी काकांनी मोजलं तर सहा.

"एक तुकडा यायचाय," ते म्हणाले.

एक मुलगा ओरडला, "आजोबा, ती समोसा खायला गेली!"

हॉल हसला. सूत्रसंचालक जवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, पुढे घेऊ या का? लोकांना गोष्ट कळली."

"कळली नाही. तुकडा आला नाही तर पुन्हा मागवायचा, हीच तर गोष्ट आहे."

ते थांबले. सगळा हॉल थांबला. शेवटी ती चिमुरडी तेलकट बोटांत कागदाचा तुकडा धरून आली. काकांनी आकडे लावून पत्र जुळवलं आणि वाचलं, "जेवायला चला."

घरी परत येताना मी म्हटलं, तुम्ही उगाच स्वतःला कमी करून घेतलंत. काका गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत होते. "आमच्या गावात पोस्टमन आमच्या वस्तीत यायचा नाही," ते म्हणाले. "पत्रं वाण्याच्या दुकानात टाकून जायचा. वाणी निरोप द्यायचा नाही. आपण गेलो, विचारलं, तर लांबून फेकायचा. पत्ता बरोबर, तिकीट बरोबर, आणि तरी पत्र दाराशी येत नाही, हे मी लहानपणीच बघून ठेवलं होतं." थोड्या वेळानं म्हणाले, "ते यंत्र पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला काय आवडलं माहीत आहे? ते फक्त विचारतं, कुठं जायचंय."

काकू पुढे गाडी चालवत होत्या. त्यांनी आरशातून एकदा मागे बघितलं.

माझं कार्डिफमधलं दुसरं वर्ष होतं तेव्हा काकांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. हॉस्पिटलातून तारीख आली, सहा आठवड्यांनंतरची. काका कपाटं आवरायला लागले. एका दुपारी ते लायब्ररीत गेले असताना काकू वर माझ्या खोलीत आल्या. एरवी त्या कधी वर यायच्या नाहीत, गुडघे दुखायचे. पलंगाच्या कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, "ह्यांले एक माणूस शोधायचा आहे. तुले सांगणार नाहीत. म्हणून मी सांगते."

मग त्यांनी सांगितलं ते असं.

ईस्टरची सुट्टी लागायच्या आदला दिवस, गुरुवार. लग्नानंतर दोघं पहिल्यांदाच आठवडाभर समुद्रावर जायला निघाले होते. काकूंनी बॅगा गाडीत टाकल्या, त्या संगणक केंद्राखाली येऊन थांबल्या. चार वाजत आले होते. वर काका पेटीतलं शेवटचं पत्र बघत होते. अमेरिकेतल्या एका विद्यापीठातून आलेलं, पत्ता उलटासुलटा झालेला, नावाच्या जागी नुसतं आडनाव. त्या आडनावाचे दोन विद्यार्थी होते, वेगवेगळ्या विभागांत. कुठला ते विचारायला फोन करावा लागला असता, आणि विभागांची ऑफिसं सुट्टीसाठी बंद व्हायला लागली होती. विषयाच्या जागी एकच शब्द होता. बाबा. त्याखाली पुठ्ठा.

"मी खाली हॉर्न वाजवत होते," काकू म्हणाल्या. "दोनदा वाजवला. मग तिसऱ्यांदा. ते आले."

काका कामावर परतले ते अकरा दिवसांनी. सोमवारी सकाळी त्यांनी पहिला फोन त्याच पत्रासाठी केला, बरोबर विद्यार्थी शोधला आणि पत्र लावून दिलं. आठवड्याभरानं विभागातल्या सेक्रेटरी बाईकडून कळलं की घानाच्या त्या मुलाचे वडील गेले, आणि बिचाऱ्याला फार उशिरा कळलं. काकांनी त्या दिवशी पुठ्ठा काढला, जुनं पत्र पुन्हा स्क्रीनवर आणलं आणि पहिल्यांदा कुणाचं तरी पत्र वाचलं. बाबा आजारी आहेत, लगेच ये, उत्तर दे म्हणजे तिकिटाची व्यवस्था करतो.

"मग ते त्या मुलाला भेटले?"

"नाही ना. हेच तर आहे." काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "एकदा कँटीनमध्ये दिसला. ट्रे घेऊन एकटा बसला होता. हे टेबलापर्यंत गेले आणि परत आले. काय सांगणार? तुझं पत्र माझ्याकडे पडलं होतं आणि मी समुद्रावर होतो? तो मुलगा पुढं निघून गेला. तवापासून हे असे. पाठवलं की फोन. सारखं पोचलं का, पोचलं का."

मी त्या रात्री लॅपटॉप घेऊन बसले नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत काकूंनी दिलेलं नाव शोधलं. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तो माणूस लीड्समध्ये होता. इंजिनियर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेला, आणि भाज्यांचे वाफे लावणाऱ्या एका स्थानिक मंडळाच्या वेबपेजवर हातात भलामोठा कांदा धरून उभा होता. मी फोटो काकांना दाखवला. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हाच," ते म्हणाले. "केस होते तेव्हा."

"मेल आयडी आहे इथं. लिहू?"

"नको."

त्यांनी कागदावर पत्र लिहिलं. तुम्ही शिकत होतात तेव्हा मी तिथं संगणक केंद्रात होतो, एक गोष्ट समक्ष सांगायची आहे, एवढंच. चौथ्या दिवशी उत्तर आलं. या, रविवारी दुपारी मी घरी असतो.

काकू म्हणाल्या, "मी येत नाही. मी आले तर रडीन, आणि मग ह्यांचं सांगायचं राहून जाईल. तू जा." त्यांनी पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. कार्डिफहून मँचेस्टर, तिथं गाडी बदलून लीड्स. काकांनी टाय लावला होता. सगळा प्रवासभर डबा मांडीवर धरून बसले, उघडला नाही. मी काही विचारलं की 'अं?' म्हणायचे.

दार त्या गृहस्थांनीच उघडलं. उंच, सावकाश चालणारे. घरात एकटेच राहत होते. आम्हाला स्वयंपाकघरात नेलं, कारण बसायची खोली रोपांनी भरलेली होती. खिडकीत टोमॅटोच्या रोपांचे ट्रे, शेगडीवर एक मोठं पातेलं. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही यांची मुलगी?"

"भाडेकरू," मी म्हटलं. ते जरा हसले.

काका खुर्चीवर टेकलेसुद्धा नव्हते. उभ्यानंच त्यांनी सांगायला सुरुवात केली. एरवी त्यांचं इंग्रजी नीट होतं, पण त्या दिवशी ते एकेक शब्द चाचपडत बोलत होते. गुरुवार, चारला दहा कमी, अमेरिकेहून आलेलं पत्र, विषय बाबा. "मी पत्ता शोधायला फोन करायला हवा होता. केला नाही. मी सुट्टीवर गेलो. ते पत्र अकरा दिवस माझ्याकडे होतं. नंतर मला सगळं कळलं, तरी मी तुम्हाला येऊन सांगितलं नाही. ते सांगायला आलो."

त्या गृहस्थांचा चेहरा बदलला नाही. त्यांनी विचारलं, "कुठला गुरुवार?"

"ईस्टरच्या आधीचा."

"ईस्टरच्या आधीचा," त्यांनी पुन्हा म्हटलं. मग ते खिडकीपाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मला बाहेरच्या रस्त्यावरची एक गाडी मागे घेतल्याचा आवाज ऐकू येत होता.

"माझे वडील ईस्टरनंतरच्या बुधवारी गेले," ते म्हणाले. "पत्र मला मिळालं त्याच्या पुढच्या सोमवारी. वर सगळी न कळणारी अक्षरं होती, मला कळेल अशी एकच गोष्ट होती. तारीख. सोमवारची. वडील जाऊन पाच दिवस झाल्यावर माझा थोरला भाऊ मला अमेरिकेतून लिहितो, बाबा आजारी आहेत, लगेच ये. तुम्ही काय समजला असतात?"

काका खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभेच होते.

"मी समजलो की त्यानं मला कळवलंच नाही. तो गुपचूप घानाला गेला, शेवटच्या दिवसांत त्याला एकट्याला जवळ राहायचं होतं. आणि नंतर तोंड दाखवायला हे पत्र अमेरिकेतल्या कुणा मित्राकडून पाठवलं. तो म्हणाला, मी गुरुवारी पाठवलं. मी म्हटलं, खोटं बोलतोस. आईच्या अंत्यविधीला सगळ्यांच्या समोर म्हटलं. त्यानंतर आम्ही लग्नाकार्याला भेटतो. कसा आहेस, बरा आहे, एवढंच."

"ती तारीख..." काकांनी टेबलाची कड धरली. "ती तारीख माझी आहे. पत्ता दुरुस्त करायचा म्हणजे मजकूर न वाचता तसाच नव्या पत्रात घालून पुन्हा पाठवायचा. जुन्या पत्राची तारीख त्यात राहत नाही. सोमवारची तारीख मी पाठवल्याची आहे. तुमच्या भावाची नाही."

मी काकांना बसवलं. ऑपरेशन तीन आठवड्यांवर होतं आणि त्यांचे ओठ पांढरे पडले होते. अकरा दिवसांचं ओझं घेऊन ते आले होते. त्याच्याखाली हे दुसरं आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मला त्या गृहस्थांचाही राग येत होता आणि काकांचाही.

"तेव्हा यायला हवं होतंत," ते गृहस्थ म्हणाले. ओरडले नाहीत. "कँटीनमध्ये मी तुम्हाला बघितलं होतं. एक भारतीय माणूस माझ्याकडे चालत आला आणि मागे वळला. मला वाटलं, सांत्वनाला आला असेल आणि शब्द सुचले नसतील. मला बरं वाटलं होतं तेव्हा."

काकांनी मान खाली घातली. त्या क्षणी मला वाटलं, आता निघावं. मी पर्स उचललीसुद्धा. पण त्या गृहस्थांनी टेबलावरचा फोन घेतला, काहीतरी शोधलं आणि तो काकांसमोर ठेवला. फोन स्पीकरवर होता, रिंग जात होती.

"अमेरिकेत सकाळ आहे," ते म्हणाले. "तुम्ही सांगा त्याला."

पलीकडून एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. धाकट्यानं त्यांच्या भाषेत दोन वाक्यं सांगितली, त्यातलं मला फक्त काकांचं आडनाव कळलं. मग तो आवाज इंग्रजीत म्हणाला, "बोला."

काकांनी पुन्हा सगळं सांगितलं. ह्या वेळी ते अडखळले नाहीत. फोन कट झाला की काय म्हणून मी स्क्रीनकडे बघितलं.

"मी किती वाजता पाठवलं होतं?" आवाजानं विचारलं.

मला वाटलं, हे कसं आठवणार. काका म्हणाले, "त्यावर तुमच्याकडची वेळ होती. सकाळी नऊ चाळीस. पत्ता दोनदा लिहिला होता तुम्ही, एकदा तुमच्या पद्धतीनं आणि एकदा आमच्या, मध्ये स्वल्पविराम. त्यामुळे यंत्राला कळलं नाही."

"हो," थोरला भाऊ म्हणाला. "मला नक्की माहीत नव्हतं कुठली पद्धत चालते. म्हणून दोन्ही लिहिल्या." आणि थोड्या वेळानं, "मी त्याला शेकडो वेळा सांगितलं, नऊ चाळीस. माझ्याशेजारी बसलेल्या मुलीनं मला पत्ता लिहायला मदत केली होती. तो ऐकायलाच तयार नव्हता."

धाकट्यानं स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि तो मागच्या दारानं बागेत गेला. काचेतून तो दिसत होता. वाफ्यांच्या मधून इकडून तिकडे फेऱ्या मारत होता. आधी बराच वेळ नुसता ऐकत होता. मग बोलायला लागला, मग एका जागी थांबला आणि मोकळा हात डोक्यावर ठेवून उभा राहिला. काका त्याच्याकडे बघत नव्हते. ते समोरच्या टोमॅटोच्या रोपांकडे बघत बसले होते, हात मांडीवर, टायची गाठ सैल झालेली. मी त्यांना पाणी दिलं. ते प्यायले आणि म्हणाले, "एवढी वर्षं मला वाटत होतं, मी एका माणसाचं पत्र अडवलं."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. असं मी आधी कधी केलं नव्हतं.

काकांचं ऑपरेशन नीट पार पडलं. त्यानंतर ते तीन वर्षं जगले आणि गेल्या हिवाळ्यात गेले. मी तोवर मँचेस्टरला आले होते. अंत्यविधीला कार्डिफला गेले तेव्हा काकूंनी पहिल्यांदा मला धरून रडून घेतलं. काकांची आठवण निघाली की लोक त्यांच्या उलट्या पत्त्यांचे, पुठ्ठ्याचे, समोसा खाणाऱ्या मुलीचे किस्से सांगतात. मीही सांगते. पण मला स्वतःला आठवते ती लीड्समधली दुपार.

फोन संपायला पाऊण तास लागला असेल. ते गृहस्थ आत आले तेव्हा त्यांचे बूट चिखलानं भरले होते आणि डोळे सुजले होते. आमची परतीची गाडी चुकणार हे मला दिसत होतं. मी म्हटलं, "आम्ही निघतो आता."

त्यांनी मला उत्तर दिलं नाही. सिंकपाशी जाऊन हात धुतले, शेगडी पेटवली, पातेल्यावरचं झाकण काढून आत चमचा फिरवला. मग काकांकडे न बघताच वरचं कपाट उघडलं आणि तीन ताटल्या काढून टेबलावर मांडल्या.